देशी झाडांची बाग: गटात शिरून की आपली आपण?

देशी झाडेच लावायची, इथवर ठरले. आता परिसरातल्या हौशी मंडळींच्या गटात शिरायचे, की नर्सरीतून रोपे आणून मोकळे व्हायचे? मी दोन्ही करून पाहिले आहे.

नर्सरीतले रोप भरगच्च असते, हवे तेव्हा मिळते, नावाची चिठ्ठीही असते. पण ‘देशी’ म्हणून हाती पडलेले रोप कधी कधी दुहेरी पाकळ्यांची निवडलेली जात निघते. अशा फुलांत बहुधा पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात, म्हणजे मधमाशीसाठी परागकण जेमतेम. दुसरी अडचण डोळ्यांना दिसत नाही. निओनिकोटिनॉइड गटातली कीटकनाशके रसावाटे पानापानांत पोहोचतात आणि कित्येक महिने टिकू शकतात. मोनार्क काय किंवा बिबळ्या कडवा काय, या फुलपाखरांच्या अळ्या रुईच्या कुळातल्या झाडांची पाने खाऊन वाढतात. त्यांच्यासाठी हौसेने आणलेले रोपच औषध प्यायलेले निघाले, तर केले ते वाया. त्यामुळे विकत घेणार असाल तर रोपांवर काय मारले आहे, हे आधी विचारा.

गटातली रोपे दिसायला मरतुकडी. फुटक्या बादलीत उगवलेली, चिठ्ठी नसलेली. निवडही जे रुजले त्यातूनच. मात्र बी जवळपासच्याच झाडांचे असेल, तर ते तिथल्या मातीपावसाला सरावलेल्या वाणाचे असते. गट पारखायची माझी एक कसोटी आहे: बी गोळा करताना झाडावर किती ठेवता, असे विचारायचे. ब्रिटनमधल्या मिलेनियम सीड बँकेचा दंडक असा, की त्या दिवशी पिकलेल्या बियांपैकी फार तर २० टक्के घ्यायच्या. उत्तर देताना चाचरणाऱ्या गटापासून मी लांब राहतो.

खरा फरक पडतो तो पहिल्या वर्षी, तण काढताना. एकट्याने बाग करताना मी स्वतः पेरलेलीच रोपे तण समजून उपटली, आणि घाणेरीला मात्र पाणी घालत बसलो. ती मूळची अमेरिका खंडातली. पाखरे तिची फळे खाऊन बी लांबवर नेतात. दोन पानांवरचे रोप ओळखणे फोटो बघून येत नाही, जाणकाराशेजारी उकिडवे बसूनच येते.

गटाची किंमत वेळात मोजावी लागते. सुट्टीची सकाळ जाते, आणि ‘अस्सल देशी’ कशाला म्हणायचे यावरचे वाद तर विचारूच नका! वेळ नसेल किंवा रेखीव बागच हवी असेल, तर नर्सरी बरी. एरवी निदान पहिले वर्ष तरी गटात काढा.

तिथून आणलेली कुंडी मात्र दोन-तीन आठवडे बाजूला ठेवा. तिच्या मातीतून आणखी काय काय डोके वर काढते ते बघा, मगच रोप वाफ्यात लावा.