काकांच्या जुन्या पोर्ट वाईनच्या बाटल्या: दिवाळी ते शिमगा

आधीच सांगतो, या विंटेज (एकाच खास चांगल्या वर्षाच्या द्राक्षांच्या) पोर्ट नव्हेत. काका बोटीवर होते. सुट्टीवर येताना ड्युटी-फ्रीमधून साधी रुबी (लाल पोर्ट) किंवा टॉनी (पिंपात मुरून तपकिरी झालेली पोर्ट) आणायचे आणि वेंगुर्ल्याच्या घरी ठेवून द्यायचे. १९९४ साली त्यांनी बोट सोडली, म्हणजे या बाटल्यांनी तिशी ओलांडलीच. गेल्या दिवाळीपासून शिमग्यापर्यंत एकेक उघडत गेलो. जुनी वाईन म्हणजे भारीच असणार, अशी घरात सगळ्यांची खात्री!

पोर्ट टिकते हे खरं. पोर्तुगालच्या दोरो खोऱ्यात रस आंबत असतानाच त्यात ७७ टक्के अल्कोहोलचं द्राक्षांचं स्पिरिट ओततात. आंबणं तिथेच थांबतं, साखर शिल्लक राहते आणि वाईन १९-२० टक्क्यांवर जाते. पण म्हणून प्रत्येक पोर्ट बाटलीत सुधारते असं नाही. विंटेज दोन-तीन वर्षांत पिंपातून काढून न गाळता भरतात, तिचं मुरणं पुढे बाटलीतच होतं. साधी रुबी गाळून, लगेच प्यायला तयार करून भरतात. टॉनी लाकडी पिंपात मुरते. लेबलवरचं '१० वर्षे' हे त्या पिंपाचं, आमच्या कपाटाचं नव्हे.

आमच्याकडे खरा फरक पडला तो जागेमुळे. माळ्यावर, कौलांखाली असलेल्या बाटल्या जवळजवळ वाया गेल्या. उन्हाळ्यात तिथे बसवत नाही. रुबीचा लाल रंग जाऊन विटकरी झालेला, वास करपलेल्या साखरेचा आणि मागे नुसतं स्पिरिट. आत्याने एक घोट घेतला आणि म्हणाली, "ह्यो काढो आसा रे!" तिचं काही चुकलं नाही. त्यात या बाटल्या आडव्या ठेवलेल्या. प्लास्टिकच्या टोपीचं आखूड बूच उभ्या बाटलीसाठी असतं; काही झिरपल्या होत्या, एकाचं बूच हातातच चुरलं.

माजघरातल्या, चिऱ्याच्या जाड भिंतीआड उभ्या ठेवलेल्या बाटल्यांची गोष्टच वेगळी. समुद्राच्या दमटपणाने लेबलं गेली होती, पण वाईन मानेपर्यंत भरलेली. तिथली रुबी फिकी झाली होती, फळाची चव उतरली होती, तरी मनुका आणि सुक्या अंजिराचा गोडवा होता. टॉनी मात्र मस्त! अक्रोड, संत्र्याची साल, शेवटी किंचित खारट झाक. नव्या टॉनीइतकी ताजी नाही, पण पाहुण्यांना द्यायला लाज वाटणार नाही. खाऱ्या काजूंबरोबर उत्तम, नारळाच्या वडीबरोबरही चालली. माशाच्या सारासोबत घेऊ नका, दोघांचीही चव जाते.

उघडायच्या आदल्या दिवशी बाटली उभी ठेवा आणि गाळ दिसला तर मलमलच्या फडक्यातून गाळून घ्या. उघडल्यावर फ्रीजमध्येच. जुन्या रुबीची चव दोन-तीन दिवसांत उतरते, टॉनी आणखी थोडी तग धरते.

विकत घ्यायच्या का? जुनी साधी रुबी कुणी चढ्या भावाने देत असेल तर मी नाही घेणार. त्याच पैशांत हल्लीच भरलेली १० किंवा २० वर्षांची टॉनी बघा. अशा वयाच्या टॉनीच्या बाटलीवर भरल्याचं साल छापलेलं असतं, ते आधी वाचा.