मार्टातला २२ ग्रॅमचा डबा: आठ महिन्यांनंतर

ऑफर, पार्किंग, शनिवारची रांग यावर सगळ्यांनी लिहून झालंय. मला डब्यावर बोलायचंय.

आठ महिने आमचा किराणा घराजवळच्या एका मार्टातून येतो. तूरडाळ आप्पांच्या दुकानापेक्षा किलोमागं नऊ रुपयांनी स्वस्त. पहिले तीन महिने मी पाहुण्यारावळ्यांनाही तिथंच पाठवत होतो.

मग सुटी शेंगा चटणी आणली, ३६० रुपये किलोची, पाव किलो. चटणी संपल्यावर डबा धुतला आणि सहज घरच्या काट्यावर ठेवला. २२ ग्रॅम! म्हणजे चटणी आली २२८ ग्रॅम आणि ७ रुपये ९२ पैसे मोजले प्लास्टिकला.

पुढच्या खेपेला काउंटरवरच्या पोराला म्हटलं, रिकामा डबा ठेवून आधी काटा शून्य कर. "सर, सिस्टीममध्ये तसं नाही." टेअरचं, म्हणजे काटा शून्य करायचं, बटण त्याच्या अंगठ्याखाली होतं. भिंतीवर वैधमापनवाल्यांचं, म्हणजे वजनकाटे तपासणाऱ्या सरकारी खात्याचं, पडताळणीचं प्रमाणपत्र लावलेलं. काटा अगदी चोख, फक्त डबाही तितकाच चोख मोजत होता. मॅनेजर आले, हसले. "साहेब, आठ रुपयांसाठी?"

आठ रुपयांचं मी सोडलंही असतं, त्या हसण्याचं नाही. सुट्या मालाच्या वजनात डबा धरता येत नाही, हे काय मी त्यांना शिकवायचं? बाहेर येऊन १९१५ वर, ग्राहक हेल्पलाइनला, तक्रार नोंदवली आणि परत आप्पांकडं जायला लागलो. बायको म्हणाली, "आठ रुपयांसाठी महिन्याला अडीचशे जादा घालवताय."

आप्पा आधी रिकामं पातेलं ठेवून काटा शून्य करतात, न सांगता. दोन महिने मी ज्याला त्याला हेच सांगत होतो. मग एकदा दुधाची पिशवी घेतली. छापील किमतीवर दोन रुपये जास्त. "कूलिंगचे ओ सर." एमआरपीत सगळे कर धरलेले असतात, त्यावर कूलिंगचे म्हणून एक रुपयाही घेता येत नाही. आणि हे दोन रुपये मी किती वर्षं देतोय! वर्षाचे सातशे तीस होतात. आप्पांना काय बोललो? काही नाही. ते वडिलांच्या गुडघ्याची चौकशी करत होते. तिथं १९१५ कुठलं लावताय.

मार्टाबद्दलचं मत त्यानंतर जरा सैल केलं. त्यात दिवाळीला तिथं एकदा गेलो, तर संध्याकाळी बिलिंगच्या मुलीचा फोन. तुपाची बरणी दोनदा स्कॅन झाली होती, ६४० रुपये परत न्यायला या म्हणाली. मला पत्ताच नव्हता, मी बिल वाचलंच नव्हतं. डबे धुऊन वजन करणारा मी!

तेव्हापासून डाळ-तेल मार्टातून, चटणी आप्पांकडून, दूध दारावर येणाऱ्या गवळ्याकडून. पाचपैकी तीन तारे. त्या मुलीसाठी चार दिले असते, पण मॅनेजर तेच आहेत.

तक्रारीचा निकाल म्हणून मार्टाकडून दिलगिरीचा मेसेज आला आणि काट्यावर स्टिकर लागला: 'डब्याचे वजन वजा करून'. परवा बघायलाच म्हणून थोडी चटणी मागितली. पोरानं मला ओळखलं, लगबगीनं आधी टेअर दाबलं आणि मग त्यावर डबा ठेवला.

म्हटलं, बाबा, आधी डबा. मग बटण.