बॅक्स चाचणी: संच उत्तम, पण निकष परके

स्किझोफ्रेनियातले भास-भ्रम गोळ्यांनी बरेचदा आटोक्यात येतात. लक्ष न टिकणं, सांगितलेलं न राहणं, कामाचा क्रम न लागणं मात्र तसंच उरतं. ते मोजायला रिचर्ड कीफ आणि सहकाऱ्यांची २००४ सालची 'बॅक्स' (स्किझोफ्रेनियातल्या आकलनशक्तीची छोटी चाचणी) ओपीडीत सर्वांत सोयीची. याच कामाच्या 'मॅट्रिक्स' या मोठ्या संचाच्या १० चाचण्यांना तास-दीड तास जातो आणि रुग्ण मध्येच कंटाळतात. ही साधारण ३५ मिनिटांत उरकते.

भाग सहा. १५ शब्दांची यादी पाच वेळा वाचायची आणि दर वेळी आठवतील तेवढे शब्द विचारायचे. विस्कटलेले आकडे लहानाकडून मोठ्याकडे लावून घ्यायचे. चिन्हांसमोर आकडे भरायला ९० सेकंद. या आजारात सर्वांत मोठी घसरण बहुधा इथेच दिसते. मनोऱ्याच्या दोन चित्रांतलं एक दुसऱ्यासारखं करायला चेंडू कमीत कमी किती चालींत हलतील ते नुसतं बघून सांगायचं.

खरी गंमत सोंगट्यांत आहे. दोन्ही हातांनी एकाच वेळी एकेक सोंगटी उचलून डब्यात टाकायची, वेळ ६० सेकंद. भास-भ्रमांवरच्या हॅलोपेरिडॉलने हात ताठरले असतील तर गुण पडतात, आणि तो दोष बुद्धीच्या खात्यावर जातो. ताठरपणा घालवायला पॅसिटेन वाढवली, की सोंगट्या सुधारतात पण शब्दांची यादी घसरते, कारण ही गोळी स्मरणावरच घाला घालते. म्हणून डोस, कंप आणि झोपेची गुंगी उत्तरपत्रिकेवर आधी टिपून ठेवा. नाहीतर आकड्यांना अर्थ नाही.

अक्षरावरून शब्द सांगण्याचा भाग इंग्रजी अक्षरांवर बेतलेला आहे. मराठीत घेताना 'क' दिल्यावर 'की', 'कु'ने सुरू होणारे शब्द धरायचे का, हे आधीच ठरवा आणि पुढच्या खेपेलाही तोच नियम पाळा. चौथी शिकलेल्या माणसाचे गुण अमेरिकी सरासरीशी ताडले तर निरोगी माणूसही नापास होईल. तुलना त्याच रुग्णाच्या आधीच्या गुणांशीच करावी, तीही पर्यायी यादी वापरून. तीच यादी पुन्हा दिली तर सरावाने वाढलेले गुण उपचाराचे वाटतात.

संज्ञानात्मक प्रशिक्षणाच्या (लक्ष, स्मरण सुधारायच्या सरावाच्या) आधी आणि नंतर घ्यायला संच जरूर ठेवा. दिव्यांग प्रमाणपत्रासाठी मात्र उपयोग नाही, तिथे मानसिक आजारातलं अपंगत्व मोजणारी 'आयडियाज' मापनश्रेणीच लागते.