न्यूयॉर्कचे शहर न्यायाधीश : मतदार निवडणार की महापौर नेमणार?

न्यूयॉर्क राज्याच्या घटनेने एकाच शहरासाठी दोन वाटा ठेवल्या आहेत. दिवाणी न्यायालयाचे न्यायाधीश मतदार निवडतात, फौजदारी न्यायालयाचे महापौर नेमतात. मुदत दोघांचीही 10 वर्षे. मुदत चालू असताना पगार कापता येत नाही, हे संरक्षणही दोघांना सारखेच.

मला नेमणूक जास्त पटते. मतदानात लोकांचा हक्क आहे खरा. पण शहराच्या बऱ्याच भागांत प्रबळ पक्षाची उमेदवारी मिळाली की निकाल लागल्यातच जमा असतो. महापौरांकडे जाणारी नावे निदान छाननी समितीतून जातात. मात्र ही समिती महापौरांच्याच आदेशावर उभी आहे, घटनेत तिला आधार नाही. शिवाय फेरनेमणूकही महापौरांच्याच हाती. वादग्रस्त जामीन देणाऱ्या न्यायाधीशाच्या मनावर त्याचे ओझे येऊ शकते, आणि ही उणीव मला गंभीर वाटते.

कामाच्या वाटपात तर हा फरक पुसटच होतो. घटना तात्पुरत्या नेमणुकीची मुभा देते, त्यामुळे दिवाणीसाठी निवडून आलेले न्यायाधीश फौजदारी किंवा कुटुंब न्यायालयात बसलेले दिसतात. तिथल्या सुप्रीम कोर्टातही त्यांना पाठवता येते. ते राज्याचे सर्वोच्च नव्हे, खटले चालवणारे न्यायालय आहे.