पत्रिकांच्या प्रुफांसाठी इंक टँक की कार्ट्रिज?
नागपूरच्या महाल भागात घरूनच डीटीपी (संगणकावर मजकूर-चित्रांची मांडणी) करणाऱ्या एका ताईंना लग्नपत्रिकांची प्रुफं (छपाईआधी तपासायचे नमुने) काढायला प्रिंटर हवाय. इंक टँक घ्यावा की कार्ट्रिजवाला?

घेताना कार्ट्रिजवाला स्वस्त, पण पानामागे शाई महाग. लालभडक पार्श्वभूमीच्या चार-दोन पत्रिका निघाल्या की कार्ट्रिज आटलंच समजा. टँक आधी खिशाला चटका देतो, मग बाटली ओता नि छापत राहा.

खरी मेख नागपूरच्या उन्हाळ्यात. मे महिन्यात पारा 45च्या घरात, हवा कोरडी. मशीन बंद पडून राहिलं की नोझलात, म्हणजे शाई फवारणाऱ्या बारीक छिद्रांत, शाई वाळते. बऱ्याच कार्ट्रिज प्रिंटरांत हेड (ही छिद्रं असलेला भाग) कार्ट्रिजलाच असतं, नवं लावलं की मिटलं. टँकचं हेड बहुधा मशीनमध्येच राहतं; तुंबलं की क्लीनिंगमध्ये शाई जाते, नाहीतर मेकॅनिक. त्यामुळे दोन-तीन दिवसांआड एक रंगीत पान काढायचंच. आणि कूलरच्या झोतात ठेवू नका, कागद सादळतो.

छपाईत टँक-कार्ट्रिजपेक्षा शाईचा फरक मोठा: पिगमेंट (रंगकणांची) काळी साध्या कागदावर ठसठशीत उठते, डाय (विरघळलेल्या रंगाची) ग्लॉसी कागदावर खुलते.

सेटिंग दोन्हींना सारखंच. ‘फिट टू पेज’ बंद, स्केल 100 टक्के. रंगांचा ताबा कोरलड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरकडे किंवा प्रिंटरच्या ड्रायव्हरकडे, दोघांकडे नाही. पेजमेकर या पानं जुळवायच्या सॉफ्टवेअरमधली ईपीएस प्रकारची चित्रं थेट छापली तर धूसर येतात, कारण घरगुती इंकजेटना सहसा पोस्टस्क्रिप्ट (ही चित्रं ज्या भाषेत साठवलेली असतात ती) कळत नाही. आधी पीडीएफ करा.

रोज पानं निघत असतील तर टँक. लग्नसराईपुरतंच काम असेल, तर कार्ट्रिजवाला बरा.