टीच ग्रँट की नॉइस शिष्यवृत्ती? सही करण्याआधी हे वाचा

अमेरिकेत शाळेत शिकवायचं ठरवलेल्या मुलांसमोर दोन नावं हमखास येतात: अमेरिकी सरकारची टीच ग्रँट आणि नॉइस शिष्यवृत्ती. दोन्हींत पैसे आधी मिळतात आणि ते पुढे गरजू शाळेत शिकवून फेडायचे असतात. वरवर सारख्याच वाटतात, पण करार नीट वाचला की फरक कळतो.

आधी पात्रता. दोन्हींना नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड लागतं. एच-फोर व्हिसावर (नोकरीच्या व्हिसावर आलेल्यांच्या कुटुंबाला मिळतो तो) इथेच लहानाची मोठी झालेली आपली कितीतरी मुलं इथेच अडतात, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं. टीच ग्रँटला घरच्या उत्पन्नाची अट नाही, त्यामुळे 'आमचा पगार जास्त आहे, आम्हाला कुठलं मिळतंय' असं म्हणून गप्प बसू नका. फॅफ्सा, म्हणजे शिक्षणाच्या मदतीसाठीचा सरकारी अर्ज, मात्र भरावाच लागतो आणि जीपीए (4 पैकी गुणांची सरासरी) साधारण 3.25 हवा, किंवा प्रवेश परीक्षेत 75 पर्सेंटाइलच्या वर गुण हवेत.

टीच ग्रँटची रक्कम कागदावर वर्षाला 4,000 डॉलर आहे. सरकारी कपातीनंतर हातात 3,772 पडतात. पदवीच्या पहिल्या वर्षापासून घेता येते. नॉइसचं गणित वेगळं. इंटेलच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या रॉबर्ट नॉइस यांच्या नावाची ही योजना 2002 च्या कायद्याने आली. नॅशनल सायन्स फाउंडेशन पैसे कॉलेजला देतं आणि विद्यार्थी कॉलेज निवडतं. रक्कम वर्षाला किमान 10,000 डॉलर, पण फक्त विज्ञान, गणित, इंजिनिअरिंग, कॉम्प्युटरवाल्यांना, आणि पदवीच्या शेवटच्या दोन वर्षांत किंवा पदवीनंतर. तुमच्या कॉलेजकडे नॉइसचा चालू प्रकल्प नसेल तर विषय तिथेच संपला.

आता खरा मुद्दा, सेवेचा. नॉइसमध्ये एका वर्षाच्या पैशाला दोन वर्षं शिकवायचं. टीच ग्रँटमध्ये पदवीसाठी एकच वर्ष पैसे घेतले काय नि चार वर्षं घेतले काय, चार वर्षं शिकवावंच लागतं, तेही शिक्षण संपल्यापासून आठ वर्षांच्या आत. म्हणजे एका वर्षाच्या 3,772 डॉलरसाठी चार वर्षं बांधून घ्यायची. माझ्या मते हा व्यवहार फारच महाग आहे. चारही वर्षं घेणार असाल तरच टीच घ्या.

मध्येच नोकरी सोडली तर? टीच ग्रँटमध्ये तीन वर्षं शिकवून चौथं राहिलं तरी सगळी रक्कम कर्ज होते, आणि व्याज पैसे मिळाले त्या दिवसापासून लागतं. नॉइसमध्ये निदान एक वर्ष शिकवलं असेल तर केलेल्या सेवेच्या प्रमाणात देणं कमी होतं. शिकवल्याचा वर्षाचा दाखला वेळेवर पोचला नाही म्हणून प्रामाणिकपणे शिकवणाऱ्या हजारो शिक्षकांची टीच ग्रँट पूर्वी कर्जात गेली होती. आरडाओरड झाल्यावर 2021 पासून नियम सौम्य झाले. तरीही प्रत्येक सत्राचा कागद जपून ठेवा.

टीचची आणखी एक मेख वेळापत्रकात आहे. शाळा कमी उत्पन्न गटातल्या शाळांच्या सरकारी यादीत असून भागत नाही. तुमचे निम्म्याहून जास्त तास टंचाईच्या, म्हणजे शिक्षक कमी पडतात अशा, विषयाचे हवेत. गणित शिक्षक म्हणून रुजू झालात आणि पाचपैकी दोनच तास गणिताचे मिळाले, तर ते वर्ष धरलं जाणार नाही. म्हणून नोकरी स्वीकारण्यापूर्वीच मुख्याध्यापकांना तासांची वाटणी विचारा. टंचाईच्या विषयांत परकीय भाषाही आहेत, पण रविवारच्या मराठी शाळेतली सेवा, कितीही मनापासून केलेली असली तरी, यात धरली जात नाही.

विज्ञान-गणिताकडे असाल आणि कॉलेजात नॉइस असेल, तर मी डोळे मिटून नॉइस सुचवेन. विशेष शिक्षण किंवा भाषा शिकवायची असेल, तर टीचच उरते. तिथे सही करण्याआधी राहायचं ठरवलंय त्या गावातल्या यादीतल्या शाळा मोजून बघा.