घरी बाई, गावातलं केअर सेंटर की पुणं? अंथरुणावरच्या माणसाला ठेवायचं कुठे?

लातूर, परभणी, नांदेड, गाव कुठलंही असो, गोष्ट साधारण एकाच वळणावर येते. आईला अर्धांगवायू झालेला असतो किंवा वडिलांचं खुब्याचं हाड मोडलेलं असतं. दवाखाना डिस्चार्ज देऊन मोकळा होतो. मुलगा पुण्यात, मुलगी जालन्याला दिलेली, आणि घरात उरतो तो सत्तरी ओलांडलेला जोडीदार. मग नातेवाइकांच्या ग्रुपवर सल्ले सुरू होतात. ब्युरोची, म्हणजे घरी पेशंट सांभाळायला माणसं पुरवणाऱ्या एजन्सीची, बाई लावा, इथंच एक केअर सेंटर निघालंय तिथं ठेवा, नाहीतर सरळ पुण्याला हलवा.

चौथा पर्याय वृद्धाश्रमाचा, तो आधी निकाली काढू. राज्याची मातोश्री वृद्धाश्रम योजना १९९५ ची. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात तर प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निराधार ज्येष्ठ राहतील एवढा वृद्धाश्रम असावा असं लिहिलेलं आहे. पण बहुतेक वृद्धाश्रमांची अट असते की माणूस हिंडता-फिरता हवा, स्वतःचं स्वतः आवरणारा हवा. ही अट रास्तच आहे, कारण तिथं नर्सिंगची माणसं नसतात. उलट पेशंटला न बघताच, फोनवरच "चालतंय की, घेऊन या" म्हणणाऱ्या वृद्धाश्रमापासून लांब राहा. आईचे पाय चालत असतील, डोकं शाबूत असेल आणि दुखणं फक्त एकटेपणाचं असेल, तर वृद्धाश्रम चांगला. तेवढ्यापुरताच.

उरलेल्या तीन पर्यायांची तुलना लोक करतात ती इमारतीवरून. एसी आहे का, टीव्ही आहे का, बाहेर बाग कशी आहे. माझं मत विचाराल तर तुलना करायची ती रात्रीची.

हिशोब सोपा आहे. ज्याला स्वतःहून कूस बदलता येत नाही त्याची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते. कूस वळवायची, डायपर बघायचा, ओला असेल तर पुसून बदलायचा, चादरीच्या सुरकुत्या काढायच्या. दोघांनी मिळून नीट केलं तरी एका पेशंटला दहा मिनिटं धरा. असे १२ पेशंट असले की १२० मिनिटं झाली, म्हणजे पुरते दोन तास. पहिली फेरी संपते तोवर दुसरीची वेळ. रात्री दोनच माणसं असतील तर त्यांना पाठ टेकायलासुद्धा फुरसत नाही. आणि ३० खाटांचं सेंटर दाखवताना मालक अभिमानानं सांगतो, "रात्री दोन स्टाफ असतो आपल्याकडं." त्या ३० पैकी पूर्ण अंथरुणावर किती, हे लगेच विचारा आणि मनातल्या मनात दहानं गुणा.

घरच्या पर्यायालाही हाच हिशोब लावायचा. चोवीस तासांची बाई म्हणजे दिवसभर राबून रात्री झोपणारी बाई. झोपायलाच हवं तिला. म्हणून कूस बदलावी लागणारा पेशंट असेल तर बारा-बारा तासांच्या दोघी लागतात, किंवा रात्रीचा गजर घरच्यांनी लावून उठायचं. शिवाय जड अंगाच्या माणसाला पलंगावरून खुर्चीत घ्यायचं काम एकटीनं होत नाही. पडझड होते ती नेमकी तिथं.

आमच्याकडं, म्हणजे लातूर-धाराशिव भागात, एक प्रश्न हमखास विचारावा. वेळ अमावस्येला, म्हणजे आमच्या येळवशीच्या सणाला, ड्युटीवर कोण असतं? येळवशीला सगळं शहर शेतात जातं, रस्ते ओस पडतात, आणि ब्युरोची बाईही आपल्या शेतात जाणारच. सेंटरनं "बदली माणूस ठरलेला आहे" असं सांगितलं आणि तो कोण हेही सांगितलं, तर बरं समजा. "बघू तवाचं तवा" असं उत्तर आलं तर त्याचा अर्थ तुम्हाला कळलाच असेल. पुण्यात हा प्रश्न दिवाळीचा करून विचारा. तिथल्या सेंटरांतही काम करणारी पोरं बऱ्याचदा आपल्याच भागातली असतात, आणि दिवाळीला तीही गावी येतात.

एका सेंटरमध्ये दुपारी तीन वाजता गेलो होतो. प्रत्येक खाटेच्या पायथ्याशी क्लिपबोर्ड, त्यावर दोन-दोन तासांचा तक्ता. दिसायला झकास. जवळ जाऊन बघितलं तर संध्याकाळी सहाच्या रकान्यापर्यंत सह्या झालेल्या. पलंगाच्या डोक्याशी बेलचं बटन होतं, पण त्याची वायर वरच्या दांडीला गुंडाळून ठेवलेली, झोपलेल्या माणसाचा हात पोचणार नाही अशी. मावशींना विचारलं तर म्हणाल्या, "काय करावं माय, उगंच सारखी दाबत बसतेत." त्या मावशीवर माझा राग नाही. वीस माणसांमागं त्या एकट्या होत्या. पण त्या सेंटरचं माहितीपत्रक मी परत उघडून बघितलं नाही.

कातडीकडं बघायला शिका, ती खोटं बोलत नाही. माकडहाड, खुबे आणि टाचा या जागा आधी जातात. लाल डाग बोटानं दाबल्यावर पांढरा पडत नसेल तर बेडसोअरची, म्हणजे पडून राहून होणाऱ्या जखमेची, सुरुवात झाली म्हणायची. आपल्या सावळ्या कातडीवर लाली नीट दिसत नाही, म्हणून हात लावून बघायचं. आजूबाजूपेक्षा गरम लागतंय का, टणक झालंय का. एअर बेड (पंपानं हवा भरणारी गादी) हवाच, पण तो लावला म्हणजे कूस बदलायची गरज संपली असं नाही. घरच्या बाईला एक गोष्ट आवर्जून सांगावी लागते, कारण ती मायेनंच करते. लाल झालेल्या हाडाच्या जागी तेल लावून चोळायचं नाही. आतलं मांस त्यानं आणखी दुखावतं.

या एका बाबतीत घर जिंकू शकतं. एका माणसावर एकाची नजर असते, आणि बारा जणांच्या खोलीत पसरणारी खरूज किंवा खोकला घरी पोचत नाही. मात्र नाकातून नळी असेल, लघवीची पिशवी असेल, जखमेचं ड्रेसिंग असेल, तर नुसती माया पुरत नाही. नळीतून भरवताना डोक्याकडची बाजू उंच हवी आणि नंतरही अर्धा तास तशीच ठेवायला हवी, नाहीतर अन्न फुप्फुसात जाऊन न्यूमोनिया होतो. लघवीची पिशवी कमरेच्या खाली लटकलेली हवी, पण जमिनीला टेकलेली नको. सेंटर बघायला गेलात की या दोनच गोष्टींकडं बघा. पाच मिनिटांत अंदाज येतो.

आणखी एक प्रश्न ब्युरोच्या बाईलाही विचारा आणि सेंटरच्या सिस्टरलाही. "शुगर ६० आली तर काय कराल?" पेशंट शुद्धीवर असेल आणि गिळता येत असेल तर साखरपाणी किंवा ग्लुकोज द्यायचं, पंधरा मिनिटांनी परत तपासायचं, डॉक्टरला फोन करायचा. शुद्ध नसेल तर तोंडातून काहीही घालायचं नाही, १०८ बोलवायची. हे उत्तर अडखळत का होईना, आलं पाहिजे. "साहेबाला विचारते" एवढंच उत्तर असेल तर इन्सुलिन घेणाऱ्या माणसाला तिच्या हवाली करू नका. बाई स्वतःला नर्स म्हणवत असेल तर एएनएम की जीएनएम हे विचारा आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी बघा. एएनएम दोन वर्षांचा कोर्स, जीएनएम तीन वर्षांचा. नुसती अटेंडंट असेल तरी चालेल, पण मग पैसे नर्सचे देऊ नका आणि इंजेक्शनही टोचायला लावू नका.

कागदांचा भाग कंटाळवाणा आहे, पण इथं सेंटर आणि घर यांच्यातला फरक कळतो. आजारी, जखमी किंवा विकल माणसांना ठेवून घेऊन उपचार व शुश्रूषा करणारी जागा १९४९ च्या नर्सिंग होम नोंदणी कायद्यात येते. म्हणून नळ्या, ड्रेसिंग, ऑक्सिजन असं सगळं "आमच्याकडं होतं" म्हणणाऱ्या सेंटरकडं ती नोंदणी मागायला संकोच करू नका. महापालिका हद्दीत महापालिकेचा आरोग्य विभाग नोंदणी करतो, दर तीन वर्षांनी ती नवी करावी लागते. २०२१ च्या सुधारित नियमांप्रमाणे रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावायला हवं. "आम्ही फक्त सेवाभावी ट्रस्ट आहोत" असं उत्तर आलं, तर ट्रस्टची नोंदणी धर्मादाय आयुक्तांकडं असते, ती वेगळी गोष्ट. तिचा नर्सिंगशी संबंध नाही.

अमेरिकेत नातेवाईक असतील तर ते म्हणतील, ऑनलाइन रेटिंग बघा ना! तिकडं सरकार २००८ पासून नर्सिंग होम्सना एक ते पाच तारे देतं. तपासणीचे अहवाल, स्टाफ किती, पेशंटची अवस्था कशी, यावरून. आपल्याकडचे तारे गूगलवर मालकाच्या मेव्हण्यानं दिलेले असतात. तेव्हा तपासनीस आपणच.

आगीचं मात्र विसरू नका. ९ जानेवारी २०२१ ला मध्यरात्रीनंतर भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात आग लागली आणि १० नवजात बाळं गेली. उठून पळता न येणारी माणसं आणि रात्रीची वेळ, केअर सेंटरमध्ये हेच दोन्ही असतं. आपल्याकडची बरीच सेंटरं भाड्याच्या बंगल्यात किंवा दुकानांच्या वरच्या मजल्यावर आहेत. जिन्याच्या वळणावर स्ट्रेचर वळेल का, खिडक्यांच्या जाळ्या उघडतात का, मागचं दार रात्री कुलूपबंद असतं का आणि किल्ली कुणाकडं, हे स्वतः चालून बघा. अग्निशमन यंत्रणा चालू असल्याचा दाखला वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत घ्यावा लागतो. शेवटचा कधीचा आहे, विचारा. तळमजल्यावरची साधी खोली तिसऱ्या मजल्यावरच्या एसी खोलीपेक्षा केव्हाही बरी.

मराठवाड्यात असून पाण्याचं न विचारणं म्हणजे कमाल. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणलं होतं, ते आपण विसरलो असलो तरी उन्हाळा विसरत नाही. अंथरुणावरच्या माणसाचं धुणं रोजचं असतं, चादरी, गाऊन, रबरशीट. पाणी तुटलं की सगळ्यात आधी अंग पुसणं बंद होतं आणि तिथून जखमा सुरू होतात. टाकी केवढी, बोअर आहे का, टँकर कुणाचा? मे महिन्यात परभणी-नांदेडला पारा ४२ च्या वर जातो, तेव्हा लाइट गेल्यावर एअर बेडचा पंप आणि पंखा इन्व्हर्टरवर चालतो का? पुण्याचं पारडं इथं जड आहे, हे मान्य करायला हवं.

पैशाचं थोडक्यात. सेंटरचा महिन्याचा आकडा कधीच पूर्ण आकडा नसतो. डायपर, औषधं, डॉक्टरची भेट, फिजिओथेरपी वेगळं. दिवसाला चार डायपर धरले तरी महिन्याला १२० होतात, ते सेंटर कुठल्या भावानं लावतं ते लिहून घ्या. डिपॉझिट परत कधी आणि कशाची वजावट करून, तेही कागदावर हवं. घरी बाई स्वस्त वाटते, पण दोन पाळ्या, ब्युरोचं कमिशन आणि भाड्याचा फाउलर बेड (डोक्याची-पायाची बाजू वर-खाली होणारा दवाखान्यातला पलंग) धरला की फरक बराच कमी होतो. ७० वर्षांवरच्यांचं आयुष्मान वय वंदना कार्ड काढलं असेल तर ते दवाखान्यात दाखल होऊन घेतलेल्या उपचारांसाठी आहे. केअर सेंटरच्या महिन्याच्या बिलाला त्यातून पैसे मिळत नाहीत. बरेच जण ते गृहीत धरून बसतात.

आता निवड. घरात रात्री उठू शकणारं एक तरी धडधाकट माणूस असेल, पेशंट शांत असेल, नळ्या नसतील, तर घर आणि दोन पाळ्यांच्या बायका. दोघींचंही पोलीस स्टेशनला व्हेरिफिकेशन करून घ्या. नळ्या, जखमा, किंवा स्मृतिभ्रंशामुळं रात्री उठून दाराकडं जाणारा पेशंट असेल तर सेंटर. फक्त तिथं हात बांधून किंवा झोपेच्या गोळ्यांवर ठेवत नाहीत ना, हे बघा. भर दुपारी सगळेच्या सगळे पेशंट गाढ झोपलेले दिसले तर शंका घ्या.

मग गावातलं की पुण्याचं? पुण्याचं सेंटर सरासरीनं जास्त सज्ज असतं, मोठा दवाखाना जवळ असतो. पण लातूरहून जायचं म्हटलं की ट्रॅव्हल्समध्ये रात्र जाते. आणि मुलगा त्याच शहरात असला तरी हिंजवडीहून आठवड्यातून दोनदा न सांगता जाणार आहे का, हे त्याला भावनेत न येता विचारा. जाणार असेल तर पुणं. "रविवारी व्हिडिओ कॉल करू" म्हणत असेल, तर गावातलं थोडं कमी चकचकीत सेंटर घ्या, जिथं मामा, शेजारी, जुने सहकारी येता-जाता डोकावतील. ज्या खाटेला भेटणारं माणूस येतं तिच्याकडं स्टाफचं लक्ष जास्त असतं, हे सेंटरवालेही खासगीत कबूल करतात. संध्याकाळी सातनंतर भेटू न देणारं सेंटर मी तरी घेणार नाही. याउलट दाखल करून घेताना गावातल्या दोन माणसांची नावं आणि फोन मागणारं सेंटर चांगलं. माणूस सोडून फोन बंद करणारे नातेवाईक त्यांनी बघितलेले असतात.

ठरलं तरी सहा महिन्यांचे पैसे एकदम भरू नका. पंधरा दिवसांचे भरा. दाखल करतानाच वजन लिहून घ्या, माकडहाड आणि दोन्ही टाचांचे फोटो तारखेसह काढा, कागदावर सिस्टरची सही घ्या. पंधराव्या दिवशी न कळवता, शक्यतो रात्री नऊच्या पुढं जा आणि तेच तीन फोटो परत काढा. त्याच वेळी बेलचं बटन दाबा आणि घड्याळात बघा.